पुसण्याआधी वाचा

माझ्याकडे फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदाच्या डब्याचं नुसतं झाकण आहे. डबा कधीच गेला. झाकणावरचं कंपनीचं लेबल उंदरांनी कुरतडलंय, एक कोपरा ओल लागून फुगलाय. रविवारी औरंगाबादेतल्या जाफरगेटच्या आठवडी बाजारात जुनी कुलपं आणि नळाच्या तोट्या यांच्या ढिगात ते पडलं होतं. विकणाऱ्याने त्याचे वेगळे पैसेही लावले नाहीत. पण माझ्या संग्रहातल्या सगळ्या वस्तूंत याच झाकणाचं वय मला सगळ्यांत नेमकं सांगता येतं.

झाकणावर दोन खुणा आहेत. एक दुकानदाराने चिकटवलेली किमतीची चिठ्ठी: ९ रुपये ३७ न. पै. दुसरी, स्टुडिओचा जांभळा रबरी शिक्का. नाव पुसट झालंय, पण खालची ओळ शाबूत आहे: औरंगाबाद, मुंबई राज्य.

नये पैसे आले १ एप्रिल १९५७ला, आणि त्यातला ‘नये’ हा शब्द गळाला १ जून १९६४ला. म्हणजे चिठ्ठी या सात वर्षांतली. त्यातही ३७ हा आकडा बघा. कुणी आपणहून सदतीस पैसे अशी किंमत ठरवत नाही. सहा आण्यांचे सरकारी कोष्टकाप्रमाणे सदतीस नये पैसे होत. ही मुळातली सव्वानऊ रुपये दोन आणे अशी जुनी किंमत आहे, नव्या नाण्यांत फिरवून लिहिलेली. म्हणजे बदल ताजा असतानाची. आता शिक्का. मराठवाडा मुंबई राज्यात आला १ नोव्हेंबर १९५६ला, आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. ‘औरंगाबाद, मुंबई राज्य’ हा पत्ता जेमतेम साडेतीन वर्षं खरा होता. दोन्ही खुणा एकमेकींवर ठेवल्या की झाकण १९५७ ते १९६० यांच्यामध्ये येऊन बसतं.

इथे एक मेख आहे. राज्य बदललं म्हणून लगेच नवा शिक्का कोण करून घेतं? एखाद्याने जुनाच आणखी दोन वर्षं मारला असेल. म्हणून मी वय काढताना एकच नियम धरतो: आधीची हद्द पक्की, नंतरची सैल. नये पैसे यायच्या आधी ती चिठ्ठी लिहिली जाणं शक्यच नाही, हे छातीठोकपणे सांगता येतं. ती कधीनंतर लिहिली गेली नसेल, हे मात्र अंदाजानेच सांगावं लागतं. डार्करूमच्या सामानाला हा नियम जास्तच लागू पडतो, कारण ते सामान फार टिकाऊ. १९३८ सालचा एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायचं यंत्र, १९८८ सालीही पासपोर्ट फोटो काढून देत होता.

आपल्या शहरात जुनं सामान शोधणाऱ्याला एक मोठा फायदा आहे, तो मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला मिळत नाही. इथे राजवट, नाणं, लिपी, दिनदर्शिका, वजनमापं, सगळं एका माणसाच्या हयातीत बदललं. प्रत्येक बदल वस्तूवर ओरखडा ठेवून गेला. सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाची राजवट; सरकारी कारभार उर्दूत. व्यवहारात दोन रुपये: निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. मुंबईहून मागवलेल्या मालाचा हिशेब कलदारमध्ये, गिऱ्हाइकाचा हालीमध्ये. जुन्या स्टुडिओच्या वहीत एकाच पानावर दोन्ही दिसले तर ते पान हाली चलनातून जाण्याआधीचं, म्हणजे फार तर १९५०च्या दशकातलं. बाटलीवर औंस आणि ग्रेन असतील, तराजूच्या पेटीत तोळे-मासे असतील, तर वस्तू मेट्रिक मापं सक्तीची होण्याआधीची, म्हणजे १९६२च्या अलीकडची नसण्याचीच शक्यता जास्त. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच. हे शेवटचं फार कामाचं आहे. ‘आजोबांच्या काळातला’ म्हणून दाखवलेल्या किती खोक्यांवर मी ४३१००१ वाचलंय!

आणि फसली सन. निजामाच्या राज्यात हिशेब फसलीत चालायचा. फसली वर्षात ५९० मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो. मी संग्रह सुरू केला तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण ती अजून सलते. मला एक सागवानी प्रिंटिंग फ्रेम मिळाली होती. मागच्या फळीवर काळपट मळ आणि त्यात पेन्सिलीने उर्दू आकडे. एका जाणत्या गृहस्थांनी वाचून सांगितलं, तेराशे सत्तेचाळीस. मी ते हिजरी धरलं आणि १९२८ असं टिपून ठेवलं. मग फ्रेम चांगली दिसावी म्हणून जवसाच्या तेलाने पुसली. आकडे गेले, आणि आकड्यांशेजारी जे एक अक्षर होतं, तेही गेलं. पुढे दुसऱ्या वस्तूंवर तशाच आकड्यांशेजारी फसलीचा ‘फ’ बघितला तेव्हा लक्षात आलं. फसली १३४७ म्हणजे १९३७–३८. नऊ वर्षांचा फरक! पण आता ते अक्षर कोणतं होतं, हे मला कधीच कळणार नाही. तेव्हापासून घरात आलेली कोणतीही वस्तू मी आधी तिरप्या उजेडात बघतो, सगळ्या बाजूंनी फोटो काढतो, आणि महिनाभर तिला फडकं लावत नाही.

ही प्रिंटिंग फ्रेम म्हणजे काय, तेही सांगायला हवं, कारण बाजारात तिला बहुतेक जण तसबिरीची चौकट समजतात. एन्लार्जर सर्रास नव्हता तेव्हा निगेटिव्हएवढाच फोटो निघायचा. काचेची निगेटिव्ह आणि कागद एकमेकांवर दाबून या चौकटीत ठेवायचे आणि उजेड द्यायचा. म्हणून तिची आतली मापं ठरलेली: सव्वातीन बाय सव्वाचार इंच असेल तर क्वार्टर प्लेट, पावणेपाच बाय साडेसहा म्हणजे हाफ, साडेसहा बाय साडेआठ म्हणजे फुल. मागच्या फळीला मधोमध बिजागरी असते आणि पितळी पट्ट्यांच्या दोन स्प्रिंगा. ती फळी दुभंगलेली का, हे कळलं की फ्रेमचं घराणं कळतं. जुना एक कागद असा होता की त्यावर चित्र उन्हातच हळूहळू उमटायचं, डेव्हलपर लागायचा नाही. कितपत उमटलं ते बघायला फळीचा अर्धा भाग उघडायचा. उरलेला अर्धा कागदाला जागेवरून हलू द्यायचा नाही. दाराच्या पाटावर, गच्चीवर या फ्रेमा उन्हात मांडलेल्या असत. फ्रेमच्या समोरच्या कडांचा रंग उन्हाने उडालेला असेल, तर ती खरोखर उन्हात राबली आहे असं समजा.

याच्याही मागे जायचा मोह सगळ्यांना होतो, विशेषतः आपल्याकडे. अजिंठा जवळ, वेरूळ जवळ. पारोच्या प्रेमकथेतला मेजर रॉबर्ट गिल सगळ्यांना ठाऊक. कॅमेरा घेऊन फिरणारा गिल थोड्यांना. १८४४ला त्याला अजिंठ्याची चित्रं उतरवायला नेमलं, आणि १८६४ला त्याने काढलेल्या शंभर स्टिरिओ छायाचित्रांचं पुस्तक लंडनला निघालं. त्या काळची चालू रीत ओल्या काचेची होती: काचेवर कोलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत धुवायची. पंधराएक मिनिटांत सगळा खेळ. म्हणजे जिथे कॅमेरा तिथेच डार्करूम, तंबूत किंवा पेटीत. पुढे १८८०च्या दशकात कारखान्यातल्या कोरड्या काचा आल्या आणि डार्करूम घरी राहू शकली. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी वेरूळ आणि दौलताबाद टिपलं, तो काळ कोरड्या काचेचा. ओल्या काचेच्या जमान्यातलं डार्करूमचं सामान कुणी तुम्हाला ‘गिलच्या वेळचं’ म्हणून देऊ केलं, तर लगेच खरेदी करू नका. ते सामान उघड्यावर, घाईत, संक्षारक द्रवांत वापरलेलं असे. चांदीच्या क्षाराचे काळे डाग नसलेली, चकचकीत पितळी पेटी त्या कामाची असूच शकत नाही.

लाल दिव्याचंही तसंच. पत्र्याचा, वर धुराडं, पुढे लाल काच. आत रॉकेलची वात असेल तर दिवा वीज नसलेल्या खोलीतला. पण वातीच्या जागी बल्बचा होल्डर बसवलेला दिसला तर मला जास्त आनंद होतो, कारण त्या एका वस्तूत वीज येण्याआधीचं आणि नंतरचं घर दोन्ही असतं. लाल काच का? जुन्या प्लेटांना लाल रंग दिसत नसे. पुढे सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म आली आणि तिच्यासमोर लाल दिवा लावणं म्हणजे फिल्म जाळणं झालं. तिच्यासाठी गडद हिरवी काच, तीही क्षणभर. ब्रोमाइड कागदाला पिवळट नारिंगी चालते. दिव्यासोबत या तिन्ही काचा मिळाल्या तर तो स्टुडिओ काचेपासून फिल्मपर्यंत चालत आला होता, असं धरायला हरकत नाही.

एन्लार्जरवर मात्र सावकाश थांबलं पाहिजे. फसवणूक आणि आनंद दोन्ही तिथेच.

बाजारात प्रत्येक एन्लार्जर ‘जर्मनीचा’ असतो. त्यातले निम्मे ‘डर्स्ट’ असतात, आणि डर्स्ट इटलीचा. कारखाना ब्रिक्सन गावी, १९३६पासून. त्या भागात जर्मन बोलतात म्हणून नाव जर्मन वाटतं, इतकंच. दुसरं आपल्याकडे भरपूर दिसणारं नाव मेओप्टा, चेकोस्लोव्हाकियातल्या प्शेरोव्ह गावचं. याच कारखान्याचं १९४६च्या आधीचं नाव ऑप्टिकोटेक्ना. त्यामुळे पाटीवर ऑप्टिकोटेक्ना असेल तर यंत्र युद्धाच्या आसपासचं किंवा आधीचं, मेओप्टा आणि चेकोस्लोव्हाकिया असेल तर १९४६ ते १९९२ या दरम्यानचं. जर्मन वस्तूंवर देशाचं नाव कसं लिहिलंय ते नीट वाचा. ‘यूएस झोन’ म्हणजे १९४५ ते १९४९ची चार वर्षं. ‘वेस्ट जर्मनी’ १९४९ नंतर. नुसतं ‘जर्मनी’ काहीच सिद्ध करत नाही. ते युद्धाआधीही लिहीत, नंतरही. त्यापेक्षा पेटंटची बारीक अक्षरं बघा. ‘डी. आर. पी.’ म्हणजे जुन्या राइशचं पेटंट, १९४५पर्यंतचं. ‘डी. बी. पी.’ म्हणजे पश्चिम जर्मनीच्या संघराज्याचं, १९५० नंतरचं. ही अक्षरं बहुधा डोक्याच्या आतल्या बाजूला किंवा दांडीच्या पकडीवर असतात, जिथे रंगाचा दुसरा हात मारणाऱ्याचा ब्रश पोचत नाही.

भिंग वेगळं वाचायचं. एन्लार्जरचं शरीर आणि भिंग जन्मापासून एकत्र असतील, असं कधी धरून चालू नका. श्नायडर कंपनीच्या भिंगांवर क्रमांक असतो आणि तो वर्षांशी जोडता येतो: पन्नास लाखांच्या आसपासचा आकडा १९५७चा, एक कोटीच्या आसपासचा १९६७चा. कोडॅकच्या एक्टार भिंगांची युक्ती मला सगळ्यांत आवडते. क्रमांकाच्या आधी दोन रोमन अक्षरं असतात, आणि ‘कॅमेरॉसिटी’ या दहा अक्षरी शब्दात ती मोजायची: सी म्हणजे १, ए २, एम ३, ई ४, आर ५, ओ ६, एस ७, आय ८, टी ९, वाय शून्य. भिंगावर ‘ई एस’ असेल तर ४७, म्हणजे १९४७. हे शिकल्यावर मी आठ दिवस दिसेल ते कोडॅकचं भिंग उलटसुलट करून बघत होतो. आणि अक्षरं झिजलेली असली तर भिंग ट्यूबलाइटखाली तिरपं धरा. प्रतिबिंब निळसर-जांभळं दिसलं तर वर लेप आहे. तो लेप युद्धानंतरच सर्वसाधारण झाला. प्रतिबिंब पांढरं स्वच्छ असेल तर भिंग बहुधा आधीचं.

मग वायर. सुती विणीचं आवरण असलेली वायर, बेकेलाइटची काळी किंवा तपकिरी पिन, हे सगळं प्लॅस्टिकच्या वायरीआधीचं. बहुतेक वेळा वायर बदललेली असते, आणि ते वाईट नाही. यंत्र कामाला होतं, याचा तो पुरावा आहे. फक्त जुनी वायर विजेला जोडायचा मोह टाळा. दिव्याच्या पेटीत उष्णता अडवायला अॅस्बेस्टॉसचा पत्रा असू शकतो, तो खरवडू नका.

पाटी नसलेला एन्लार्जर दिसला की संग्राहक तोंड फिरवतात. मला हे पटत नाही. आयातीवर बंधनं आली, परदेशी यंत्रं महाग झाली, तेव्हा आपल्याकडच्या कारागिरांनी लेथवर जर्मन आणि इटालियन यंत्रांच्या नकला घडवल्या. ओतीव अॅल्युमिनियम, वर खवल्यांसारखा राखाडी रंग, भात्याऐवजी कधी पितळी नळीत नळी, बेसबोर्ड सागवानी. केरळातल्या आलप्पुळात घडलेल्या वागीश्वरी कॅमेऱ्याला आज संग्राहक मान देतात, तो मान या बिननावाच्या एन्लार्जरांनाही मिळायला हवा. त्यांचं वय काढायला स्क्रूपासून सुरुवात करा: आटे इंचातले की मिलिमीटरचे? आणि बेसबोर्ड उलटा करा. फळी पॅकिंगच्या खोक्याची असेल, तर खोक्यावरची छपाई खालच्या बाजूला अजून असते.

कागदाच्या खोक्यांचं पटकन सांगतो. ‘आगफा-गेव्हर्ट’ अशी जोडी १९६४ नंतरची, नुसतं आगफा त्याआधीचं असण्याचा संभव. ‘इंदू’ म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा माल, उत्पादन १९६७पासून. ‘व्हेलॉक्स’ हा तर केवढा जुना कागद! लिओ बेकलंड यांनी तो १८९३च्या सुमाराला काढला आणि १८९९ला ईस्टमनला विकला. त्या पैशांवर त्यांनी प्रयोगशाळा उभी केली आणि १९०७ला बेकेलाइट शोधलं. म्हणजे डार्करूमचा कागद विकून मिळालेल्या पैशांतून डार्करूमची पिन, टँक, घड्याळाचं खोकं, सगळं जन्माला आलं. काळा डेव्हलपिंग टँक बेकेलाइटचा की नंतरच्या प्लॅस्टिकचा, हे ठरवायला अंगठा जोराने घासा आणि वास घ्या. कार्बोलिकसारखा औषधी वास आला तर बेकेलाइट.

ग्लेझिंगचं यंत्र, म्हणजे चकचकीत पत्रा आणि वर ताणलेलं कापड, हे कागदी ब्रोमाइडच्या काळातलं. १९७०च्या दशकात प्लॅस्टिकचा मुलामा असलेला कागद आला आणि त्याला चमक आपोआप येऊ लागली. नागमोडी कडा कापणारा कटर, तामचिनीचे ट्रे, लाकडी चिमटे यांवर वर्ष क्वचितच सापडतं. ट्रेच्या तळाला हायपोचे पांढरे क्षार दिसले तर तो फिक्सिंगचा, तपकिरी डाग असले तर डेव्हलपरचा. तीन ट्रे एकत्र मिळाले तर ते वेगळे करून विकू नका.

एक सावधगिरी आवर्जून. जुन्या बाटल्यांतली पावडर हुंगू नका, चाखायचं तर नावच नको; निगेटिव्ह दाट करायला मर्क्युरिक क्लोराइड वापरत, आणि ते जहाल विष आहे. चिकट, पिवळट, उग्र वासाची जुनी फिल्म नायट्रेटची असू शकते. कोडॅकने ती १९५१पर्यंत बनवली. ती पेट घेते आणि विझता विझत नाही. घरात ठेवू नका.

शेवटी माझ्याकडचा डर्स्ट. बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आला. यंत्र इटलीचं, भिंग श्नायडरचं, क्रमांकावरून १९५०च्या दशकाच्या अखेरचं, पिन आपल्याकडची, बल्बच्या पेटीवर निळ्या रंगाचा घरगुती हात. दांडीवर कंपनीने कोरलेली सेंटिमीटरची पट्टी आहे, पण ती कुणी वापरलेली दिसत नाही. पट्टीशेजारी खिळ्याने ओढलेल्या चार रेघा आहेत आणि प्रत्येकीपाशी देवनागरी अक्षर: ‘का’ म्हणजे पोस्टकार्ड, ‘कॅ’ म्हणजे कॅबिनेट, सगळ्यांत वर १२ × १५, लग्नातल्या मोठ्या फोटोसाठी. डोकं त्या रेघेवर आणलं की माप आपोआप बरोबर. चौथी रेघ सगळ्यांत खाली, तिच्यापाशी ‘फॉ’. मी बराच काळ विचार करत होतो. मग त्या स्टुडिओतून आलेल्या पाकिटांच्या गठ्ठ्यात पासपोर्टएवढे फोटो मिळाले, तेल लावून चापून बसवलेले केस, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. ‘फॉ’ म्हणजे फॉर्म. परीक्षेचा, नोकरीचा. ती रेघ बाकी तिघींपेक्षा खोल आहे, आणि पकडीच्या घर्षणाने तिथला रंग जाऊन खालचं अॅल्युमिनियम उघडं पडलंय.